झाडाखालचं रान आणि कायद्यातलं झाड

पावसाळा संपत आला की सह्याद्रीतल्या एखाद्या किल्ल्याची वाट चढताना पाय घसरतो आणि हात आपोआप बाजूच्या काठीला जातो. ती काठी बहुतेक वेळा कारवीची असते. माणसाच्या उंचीची किंवा थोडी जास्त, पेरापेराला फुगलेली, खरखरीत पानांची. उंच झाडांच्या खाली, उताराच्या अंगाने ती शेकड्यांनी उभी असते. एरवी तिच्याकडे कुणी वळून पाहत नाही. फुलण्याचं वर्ष तेवढं वेगळं. २०२४ साली बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी फुलली तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी तिचे फोटो आणि रील्स पाहिली असतील. दर सात वर्षांनी फुलते असं म्हणायची पद्धत आहे. पण तिथले अलीकडचे फुलोरे मोजले, २००८, २०१६, २०२४, तर हिशेब आठाचा येतो. एकदा फुलली, बी धरलं, की कारवी मरते. तिची वाळकी बोंडं पुढच्या पावसाची वाट पाहत काठीवर तशीच राहतात. ओल लागली की तडतडून फुटतात आणि बी दूर उडतं. मुन्नारची नीलकुरिंजी हिच्याच कुळातली. ती बारा वर्षं थांबते.

आता एक साधा प्रश्न. कारवी म्हणजे नेमकं काय? झाड, झुडूप, काटक्या, की आणखी काही?

प्रश्न शाळेच्या वहीतला वाटतो. पण झाडांच्या खाली जे उगवतं त्याला काय म्हणायचं, यावरून आपल्याकडे गेल्या दीडशे वर्षांत दंड झाले, माणसं तुरुंगात गेली, आणि अगदी २०२५ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला एका मराठी विशेषणाचा अर्थ लावत बसावं लागलं. ही गोष्ट त्या शब्दांची आहे.

अंगाला लागणारे शब्द

इंग्रजीत जंगलाच्या खालच्या मजल्याला ‘अंडरग्रोथ’ म्हणतात. ‘अंडर’ म्हणजे खालचं. हा शब्द उच्चारणाऱ्याची नजर आधी वरच्या झाडावर गेलेली आहे आणि मग उरलेल्याकडे वळली आहे. मराठीत याला एकास एक शब्द शोधायला गेलं तर अडखळायला होतं. ‘झाडोरा’ त्यातल्या त्यात जवळचा, पण त्यात वरचं-खालचं असं काही नाही. सगळी मिळून दाटी तेवढी आहे.

एकच शब्द नाही म्हणून भाषा गरीब आहे असं मात्र नव्हे. करवंदीच्या फांद्या एकमेकींत विणल्या जातात, ससा आत शिरतो आणि माणूस बाहेर राहतो, त्याला आपण ‘जाळी’ म्हणतो. बांबूचे कोंब एका जागी दाटून वर येतात आणि भोवती मोकळी जमीन राहते, त्याला ‘बेट’ म्हणतो. पाण्यात जसं बेट, तसं रानात बेट. पाऊल कुठं टाकावं ते दिसेनासं झालं की ‘गचपण’. फुलं एका पट्ट्यात दाटली की ‘ताटवा’. गळून पडलेल्या पानांचा थर म्हणजे ‘पातेरा’ किंवा ‘पाचोळा’. हे शब्द कुणा वनस्पतिशास्त्रज्ञाने बसवलेले नाहीत. रानातून चालणाऱ्याच्या अंगाला काय लागतं, वाट कुठं अडते, जनावर कुठं दडतं, यातून ते आले आहेत.

वापरातून आलेली नावं तर याहून बारीक आहेत. सुरणाच्या कुळातला एक रानटी कंद आहे. पहिल्या पावसाच्या सुमाराला जमिनीतून त्याचा नुसता फुलोरा वर येतो. ते ‘शेवळं’. ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात ती जुड्या बांधून येतात. घशाला खाजतात, म्हणून काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवायची असतात. त्याच कंदाचं पान मागाहून येतं. ते कोवळं असताना खुडून भाजी केली की ती ‘लोत’. शास्त्राच्या दृष्टीने झाड एकच. रानात जाणाऱ्या बाईच्या दृष्टीने ते दोन वेगळे आठवडे, दोन वेगळ्या भाज्या.

कारवीचंही तसंच. रानात उभी असते तेव्हा ती कारवी. तोडून, वाळवून, आडव्या पट्ट्यांना उभी बांधून तिच्यावर शेणमाती लिंपली की तो ‘कुड’ झाला. वारली, कातकरी, ठाकर, महादेव कोळी अशा अनेक समाजांची घरं पिढ्यान्‌पिढ्या अशा कुडांची आहेत. मोबाइलच्या कव्हरवर आणि कुर्त्यांवर जी वारली चित्रं आपण पाहतो, ती मुळात घराच्या भिंतीवरची. लिंपलेल्या कुडावर गेरूचा हात फिरवायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्याने चित्र काढायचं. कागद आला तो फार अलीकडे, १९७० च्या दशकात. म्हणजे आज जगभर पोहोचलेल्या त्या चित्रांच्या मागे झाडाखालच्या रानातली काठी उभी होती.

या खालच्या रानाची किंमत राज्यकर्त्यांनाही ठाऊक होती. शिवकाळातला कारभार पाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांची म्हणून जी आज्ञापत्रे ओळखली जातात, त्यांत गडाभोवतीच्या झाडीला गडाची राखण मानलं आहे. ती वाढवावी, तिच्यातली काठीही तोडू देऊ नये, अडचणीच्या वेळी तिच्यात बंदूकधारी दडवता यावेत, असा त्यातला आशय. वाट अडवायची तर उंच सरळ खोडांचं रान काय कामाचं? त्यांच्यामधून घोडाही जातो. शत्रू अडतो तो जाळीत आणि गचपणात.

फळ पिकलं की संपणारी

संस्कृत ग्रंथांनी वनस्पतींची वर्गवारी केली, तेव्हा उंचीबरोबर आयुष्याचाही विचार केला. चरकसंहितेत वनस्पतींचे चार प्रकार येतात: वनस्पती, वानस्पत्य, वीरुध आणि ओषधी. यातली ‘ओषधी’ म्हणजे औषधाची मुळी नव्हे. फळ पिकलं की जिचं आयुष्य संपतं ती ओषधी. या अर्थाने भात ओषधी आहे, गहू ओषधी आहे. अमरकोशातही हाच अर्थ आहे. शिवाय एक खोड नसलेल्या, बुडापासूनच फुटलेल्या झुडपांना ‘गुल्म’, आणि आखूड फांद्या-मुळांच्या रोपट्याला ‘क्षुप’ असे शब्द आहेत. आजच्या मराठी पाठ्यपुस्तकांत आणि विश्वकोशात ‘ओषधी’ आणि ‘क्षुप’ हे शब्द आले ते याच परंपरेतून, फक्त अर्थ थोडे हलवून. आता ओषधी म्हणजे मऊ खोडाची लहान वनस्पती.

कारवीला या जुन्या खणांत ठेवून पाहिलं तर गंमत होते. आकाराने ती गुल्म आहे. पण एकदाच फळून मरते, म्हणून चरकाच्या व्याख्येने ती ओषधी ठरते. भाताच्या लोंबीशी तिचं नातं लागतं. भात वर्षात आटपतो, ही आठ वर्षं घेते, एवढाच फरक. बांबूही याच हिशेबात बसतो. कित्येक वर्षांनी एकदा फुलतो आणि बेटच्या बेट वाळून जातं.

आणखी एक शब्द पाहण्यासारखा आहे: खुद्द ‘जंगल’. आयुर्वेदात भूमीचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत पाणथळ, दाट झाडीचा प्रदेश म्हणजे ‘आनूप’, आणि कोरडा, मोकळा, विरळ झुडपांचा प्रदेश म्हणजे ‘जाङ्गल’. आपल्या ‘जंगला’चं मूळ हे. काळाच्या ओघात अर्थ पार उलटला, दाट अरण्याला जंगल म्हणू लागले, आणि अठराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत गेला. सुरुवातीला ज्या शब्दात झुडपंच होती, त्यातून झुडपं हद्दपार झाली आणि उंच झाडं आत आली. पुढे सरकारी दप्तरात जे घडलं त्याची ही चुणूकच म्हणायची.

‘झाड नसलेल्या वनस्पती’

ईस्ट इंडिया कंपनीला हवा होता साग. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधली जात होती. नंतर १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि रुळांखालच्या लाकडांची मागणी सुरू झाली. १८४७ साली मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाची जबाबदारीही त्याच्याकडे होती. निकोल डाल्झेल याच्यासोबत त्याने १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ काढला. पुढे थिओडोर कुक याने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ केला, त्यात लॅटिन नावांबरोबर देशी नावंही नोंदवली. या माणसांना झाडाखालची प्रत्येक रोपटी मोलाची होती. ते वाकून पाहत होते, पानं दाबून ठेवत होते, लोकांना नावं विचारत होते.

त्याच सरकारचा कायदा मात्र उभ्यानेच पाहत होता. वनांचा पहिला कायदा १८६५ चा, दुसरा आणि फार कडक १८७८ चा. पुण्याच्या सार्वजनिक सभेने तेव्हाच या दुसऱ्या कायद्याला हरकत घेतली होती. त्याच चौकटीवर बेतलेला १९२७ चा भारतीय वन अधिनियम आजही लागू आहे. त्याचं व्याख्यांचं कलम एकदा सावकाश वाचण्यासारखं आहे.

तिथं ‘झाड’ या शब्दात ताड-माडाच्या जाती, बांबू, तोडल्यानंतर उरलेले बुंधे, झाडझुडूप आणि वेत यांचा समावेश केला आहे. म्हणजे बांबू झाड, बुंधा झाड, आणि ज्याला इंग्रजीत ‘ब्रशवुड’ म्हणतात त्या झुडपी काटक्याही झाड. पुढे ‘वनोपज’ म्हणजे काय ते सांगताना, जंगलात सापडणाऱ्या बाकी सगळ्यासाठी एक खण केला आहे: झाड नसलेल्या वनस्पती. त्यात गवत, वेली, लव्हाळी, शेवाळ, सगळं आलं. शेवळं आणि लोत इथंच. जाळी, बेट, ताटवा असले भेद करायचं कारणच उरलं नाही. जंगलाच्या खालच्या मजल्यावर जे काही आहे त्याची ओळख एकच: ते झाड नाही.

अज्ञानातून असं घडलं असं मानायचं कारण नाही. व्याख्या अशी रुंद ठेवण्यात सरळ हिशेब होता. काहीच निसटू नये. काठी तोडलीत तर झाड तोडलंत. पानं ओरबाडलीत, गवत कापलंत, तरी सरकारच्या वनोपजाला हात लावलात. राखीव जंगलात शिरणं, गुरं चारणं, फांदी छाटणं हे गुन्हे ठरले आणि त्यांना सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा १९२७ च्या कायद्याने ठेवली. कुडासाठी कारवीचा भारा आणणारा माणूस आता नुसता घर बांधत नव्हता. कागदावर तो झाडं तोडत होता.

राब

कोकणपट्टीतल्या भातशेतीत ‘राब’ नावाची रीत आहे. रोपं तयार करायच्या तुकड्यावर पावसाआधी शेण, पातेरा, गवत, छाटलेल्या फांद्या असे थर पसरायचे, वर माती टाकायची आणि जाळायचं. तण मरतं, जमिनीला राख मिळते, आणि मग त्यात भाताचं किंवा नाचणीचं रोप टाकायचं. यातली जवळपास प्रत्येक गोष्ट झाडाच्या पायाशी सापडणारी किंवा हाताला येणाऱ्या फांदीवरची. शेतकऱ्याच्या हिशेबात जंगल हा शेताचाच वरचा भाग होता. वनखात्याच्या हिशेबात ही झाडांची खराबी होती.

वाद एवढा पेटला की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारींसाठी १८८५ मध्ये सरकारला आयोग नेमावा लागला. ‘बॉम्बे फॉरेस्ट कमिशन’ म्हणून तो ओळखला जातो आणि त्याचा अहवाल १८८७ चा आहे. राब हा त्याच्यापुढच्या वादाचा मोठा विषय होता. म्हणजे दीड शतकापूर्वी सरकारी खुर्चीत बसून लोक पातेऱ्यावर आणि छाटलेल्या पाल्यावर साक्षी घेत होते.

त्याच सुमारास, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकऱ्याच्या दुर्दशेची कारणं मांडताना त्यांनी वनखात्याचं नाव घेतलं. पूर्वी थोड्या जमिनीवर ज्यांचं भागत नसे, ते आसपासच्या रानातली फळं खाऊन, पानं-फुलं विकून मीठ-मिरचीपुरतं कमावत आणि गायरानाच्या भरवशावर गाय-शेळ्या राखत. डोंगर, दऱ्या, माळ, गायरानं सगळं जंगलखात्यात गेल्यावर त्यांच्या शेरडांना जागा उरली नाही, असा त्यांचा मुद्दा. फुले लाकडाबद्दल बोलत नाहीत हे ध्यानात घ्यायला हवं. ते पान, फूल, फळ आणि चारा यांबद्दल बोलतात. गरिबाचं जंगल कमरेच्या उंचीवर होतं.

एक पेंढी गवत

१९३० साली गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचललं. विदर्भाला समुद्र कुठला? मध्य प्रांत आणि वऱ्हाडात मिठाच्या जागी लोकांनी जंगल कायदा मोडायचा ठरवला. जुलैमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलात शिरून गवत कापलं आणि अटक करून घेतली. साग पाडला नाही, चंदन नेलं नाही. कापलं ते गवत. कायद्याच्या भाषेत ‘झाड नसलेली वनस्पती’.

निवड अचूक होती. मिठासारखंच गवत प्रत्येक घराच्या गरजेचं. ते कापल्याने जंगलाचं काय नुकसान होतं, हे कुणालाही पटवून देता आलं नसतं. त्या गवतासाठी एका प्रतिष्ठित वकिलाला तुरुंगात टाकायची वेळ आली की कायद्याचा विचित्रपणा आपोआप उघडा पडतो. मग ही लाट पसरली. सांगली भागात बिळाशीला, कोकणात चिरनेरला. चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर २५ सप्टेंबर १९३० रोजी पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसं मारली गेली. उरण तालुक्यात आजही दर वर्षी त्या हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. शालेय इतिहासात ‘जंगल सत्याग्रह’ हे एका ओळीत येतं. ते बऱ्याच अंशी गवत, पाला आणि काटक्यांसाठीचं भांडण होतं हे त्या ओळीतून कळत नाही.

बांबू झाड असतो का?

स्वातंत्र्य आलं, कायदा तोच राहिला. या कायद्यातल्या ‘झाड’ या शब्दाचा सगळ्यात मोठा खेळ बांबूच्या वाट्याला आला. वनस्पतिशास्त्रात बांबू म्हणजे गवत. मध्य भारतातल्या सागाच्या जंगलात तो झाडांच्या खालचा मजला भरून काढतो. पण कायद्यात तो झाड. पडलेलं किंवा पाडलेलं झाड म्हणजे इमारती लाकूड, हीसुद्धा कायद्यातलीच व्याख्या. म्हणून तोडलेला बांबू झाला लाकूड, आणि लाकडावर हक्क खात्याचा.

२००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. त्याने ग्रामसभांना ‘गौण वनोपजा’वर मालकी दिली, आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, झाडझुडूप, बुंधे, वेत, मध, तेंदूपान, औषधी वनस्पती, कंदमुळं यांची नावं घेऊन यादी दिली. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अशी मान्यता मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. तरीही बांबू विकायचा म्हटल्यावर वाहतूक परवान्याचं घोडं अडलं. बांबू झाड की गवत, लाकूड की गौण वनोपज? शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. २०१७ मध्ये १९२७ च्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ‘झाड’ या व्याख्येतून बांबू हा शब्द काढला गेला. नव्वद वर्षं झाड असलेला बांबू एका दुरुस्तीत गवत झाला.

काढला तो मात्र फक्त बांबू. बुंधे, वेत आणि झाडझुडूप त्या व्याख्येत आजही आहेत. म्हणजे कारवीची काठी ‘झाडझुडूप’ धरली, तर १९२७ च्या कायद्याने ती झाड आणि २००६ च्या कायद्याने गौण वनोपज. दोन्ही कायदे एकाच वेळी लागू आहेत.

‘गौण’ या शब्दापाशीही थांबायला हवं. महत्त्वाचं ते लाकूड, बाकी दुय्यम, अशी ही उतरंड. ज्या घराचं वर्षाचं रोख उत्पन्न तेंदूपानावर, मोहावर आणि बांबूवर चालतं, त्या घराच्या दृष्टीने यात गौण काय आहे? हक्क मिळाला, पण ज्याचा हक्क मिळाला त्याचं नाव सरकारने ठेवलेलंच राहिलं.

झुडपी जंगल

आता त्या मराठी विशेषणाकडे येऊ. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांच्या महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ अशी एक नोंद आहे. जुन्या मध्य प्रांताच्या काळापासूनची. मुरमाड, उथळ मातीची, मोठी झाडं न पोसणारी, खुरट्या झुडपांची जमीन. गावाच्या चराईला आणि इतर गरजांना ठेवलेली. तलाठ्याच्या दृष्टीने यात ‘झुडपी’ हा शब्द महत्त्वाचा होता, ‘जंगल’ नुसतं शेपटासारखं लागलेलं. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तशी ही नोंदही सोबत आली. त्या जमिनींवर पुढे घरं झाली, शेती झाली, शाळा, सरकारी कार्यालयं आणि स्मशानभूमी झाल्या.

मग १९८० चा वन संवर्धन कायदा आला. वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी बंधनकारक झाली. आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ‘वन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशातल्या अर्थाप्रमाणे घ्यावा, आणि सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीनही त्यात धरावी. ‘झुडपी जंगल’ मध्ये ‘जंगल’ होतंच. शेपटाचं डोकं झालं. सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीचा प्रश्न लटकला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: झुडपी जंगल हे वनच आहे; मात्र १९९६ च्या त्या तारखेआधी झालेल्या वाटपांसाठी राज्याने केंद्राची मंजुरी घ्यावी आणि ती देताना सवलतीने विचार व्हावा.

या निकालाकडे एकाच बाजूने पाहता येत नाही. ज्याचं घर त्या नोंदीवर उभं आहे त्याच्यासाठी ‘जंगल’ हा शब्द टांगती तलवार होता. पण तोच शब्द नसता, तर उरलेली झुडपी रानं आणि माळ ‘पडीक’ म्हणून केव्हाच विकली गेली असती, आणि त्यांच्यावर चरणारी गुरं, त्यांत राहणारे लांडगे, ससे, तितर यांना बाजूच मिळाली नसती. शब्द अडवतोही आणि राखतोही. अडचण अशी की तो ठरवताना झुडपात राहणाऱ्यांना आणि झुडपावर जगणाऱ्यांना कुणी विचारलेलं नसतं.

आकाशातून

आज जंगल मोजलं जातं ते उपग्रहाच्या चित्रांवरून. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येप्रमाणे किमान एक हेक्टर जागेवर झाडांच्या माथ्यांची सावली दहा टक्के किंवा जास्त असली, की ते वनाच्छादन. जात कुठलीही चालते, मालकी कुणाचीही चालते. सावली दहा टक्क्यांहून कमी भरली की त्या वनजमिनीची नोंद झुडपी म्हणून वेगळ्या रकान्यात होते. ही पद्धत उपयोगाची आहे. एवढा मोठा देश पायी मोजता येणार नाही. पण गिब्सनच्या काळात जंगलाकडे उभ्याने पाहिलं जात होतं, आता शेकडो किलोमीटर वरून पाहिलं जातं. त्या चित्रात माथ्यांखाली कारवी आहे की नाही हे दिसत नाही. तिच्या जागी रानमोडी शिरली असेल तर तेही दिसत नाही.

रानमोडी हे अमेरिका खंडातून आलेलं झुडूप. कोकणातल्या आणि घाटातल्या मोकळ्या झालेल्या रानात ते पसरतं आणि दुसरं काही उगवू देत नाही. लॅटिनमध्ये त्याच्या नावात वास आहे. मराठी नावात पूर्ण अहवाल आहे: रान मोडणारी. हे नाव कुठल्या समितीने दिलेलं नाही. रान कसं बदलतंय हे खालून पाहणाऱ्या कुणीतरी दोन शब्द जोडले, इतरांना ते पटले आणि नाव टिकलं.

बोरिवलीच्या कारवीने आपला हिशेब पाळला तर ती पुन्हा २०३२ मध्ये फुलेल. तोवर येऊर, भीमाशंकर किंवा हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर तिचा हात धरायची वेळ आपल्यावर अनेकदा येईल. सोबत वाट दाखवणारी गावातली कुणी ताई किंवा दादा असतील, तर वरच्या झाडाचं नाव विचारून झाल्यावर गुडघ्याएवढ्या रोपट्यांचीही नावं विचारून पाहा. एकेका नावाबरोबर ते रोपटं कधी खुडायचं, कशाला लावायचं आणि त्याच्यासाठी कोण कधी अडवायला आलं होतं, हेही बहुधा ऐकायला मिळेल.